पोरावर केस झाली तरी शाळा सुटू देऊ नका

पोलिसांत नाव गेलं की शाळेतून निरोप येतो, "दाखला घेऊन जावा." लगेच सही करू नका. पालकाच्या अर्जावर दिलेला दाखला म्हणजे कागदोपत्री तुम्हीच शाळा सोडली! आधी कारण लेखी मागा, त्या मागणीच्या अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

आठवीपर्यंत मुलाला काढताच येत नाही, शिक्षणहक्क कायदा २००९, कलम १६. मारहाण आणि मानसिक छळाला कलम १७ ची बंदी आहे. शाळा ऐकत नसेल तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार द्या.

दाखला घ्यावाच लागला तर 'वर्तणूक' आणि 'शेरा' हे रकाने तिथंच वाचा. केसचा उल्लेख असेल तर खोडून घ्या. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. एका शेऱ्यानं पुढची प्रत्येक शाळा दार लावते, म्हणून इथं अजिबात नमतं घेऊ नका.

पोरगं निरीक्षणगृहात (केस चालू असताना मुलांना ठेवतात तिथं) असेल तर पुस्तकं पोचवा, परीक्षेचं वेळापत्रक जोडून मुलांच्या केस चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाकडे परीक्षेला बसण्याच्या परवानगीचा अर्ज करा. वकील परवडत नसेल तर कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. दहावीचं वर्ष हुकलंच तर बाहेरून परीक्षेला बसायला १७ नंबरचा फॉर्म आहे, फक्त मुदत चुकवू नका.