फेअरचाइल्ड चॅनल एफ : पन्नाशीला आलेला गेम कन्सोल पुन्हा कसा सुरू करावा

कार्ट्रिज, म्हणजे गेम साठवलेलं छोटं खोकं, बदलून गेम बदलायचा, ही गोष्ट पहिल्यांदा आणली अटारी कंपनीने असं बहुतेकांना वाटतं. पण 1976च्या नोव्हेंबरमध्ये, अटारीच्या वर्षभर आधी, अमेरिकेत फेअरचाइल्ड कंपनीचा कन्सोल 169.95 डॉलरला दुकानात आला होता. आधी त्याचं नाव व्हिडिओ एंटरटेनमेंट सिस्टिम होतं, पुढे ते चॅनल एफ झालं. अल्पेक्स कंपनीच्या मूळ कल्पनेवरून हे यंत्र उभं केलं जेरी लॉसन आणि त्यांच्या चमूने. सिलिकॉन व्हॅलीत कृष्णवर्णीय इंजिनिअर बोटांवर मोजण्याइतके होते, तेव्हाची ही गोष्ट. अमेरिकेत गॅरेज सेलमध्ये किंवा ऑनलाइन लिलावात हा कन्सोल अजून सापडतो. हाती लागलाच, तर घाईने प्लग खुपसू नका.

आधी मॉडेल ओळखा. कंट्रोलरच्या वायरी थेट खोक्यातून निघत असतील, तर ते पहिलं मॉडेल. कंट्रोलर काढता-घालता येत असतील, तर 1979मध्ये झिर्कॉन कंपनीने आणलेलं सिस्टिम टू. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या मॉडेलचा आवाज टीव्हीतून येतच नाही, कन्सोलच्या आतल्या स्पीकरमधून येतो. टीव्हीचा व्हॉल्यूम वाढवत बसाल तर हाती काही लागणार नाही.

मग विजेचं बघा. अमेरिकी यंत्र 110-120 व्होल्टचं. ते भारतात आणून सरळ 230 व्होल्टच्या सॉकेटला लावलंत तर संपलंच. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. माझं मत विचाराल तर पुण्या-मुंबईत बसून हा छंद करणाऱ्याने जर्मनीतला साबा व्हिडिओप्ले शोधावा. आतून तो चॅनल एफच आहे, पण युरोपच्या विजेवर चालतो आणि पाल टीव्हीसाठी, म्हणजे भारतातही चालणाऱ्या टीव्ही-पद्धतीसाठी, बनलेला आहे. कुठलंही मॉडेल असो, वायर कडक झालेली, चिरलेली किंवा जळकट वास येणारी असेल तर चालू करू नका, आधी जाणकाराला दाखवा.

टीव्हीला जोडताना एचडीएमआय विसरा. कन्सोलमधून निघणाऱ्या आरएफ वायरीच्या (म्हणजे अँटेनासारखा सिग्नल देणाऱ्या वायरीच्या) टोकाला आरसीए पिन असते, जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या गोल पिनेसारखी. अँटेना आणि कन्सोल यांत अदलाबदल करणारा जुना स्विचबॉक्स मधे घालण्यापेक्षा आरसीएवरून अँटेनाच्या सॉकेटवर जाणारा छोटा अ‍ॅडॅप्टर घ्या, चित्र जास्त स्वच्छ येतं. टीव्ही अँटेना मोडवर ठेवा, कन्सोल चालू करा आणि अ‍ॅनालॉग चॅनल स्कॅन लावा. अमेरिकी यंत्र साधारण 3 किंवा 4 नंबरवर सापडतं. नव्या टीव्हीने नाक मुरडलं तर भंगारवाल्याकडचा जुना डबा टीव्ही शोधा. तसंही यावरचे गेम त्याच्यावरच शोभतात.

पहिली चाचणी कार्ट्रिजशिवाय करा. हॉकी आणि टेनिस हे दोन खेळ यंत्रातच आहेत. रीसेट दाबलं की पडद्यावर इंग्रजी जी आणि प्रश्नचिन्ह येतं, म्हणजे ‘कोणता गेम?’ 1 किंवा 2 दाबून खेळ निवडा, मग 4 म्हणजे स्टार्ट. 3 नंबरचं बटण होल्डचं. चालू खेळ मधेच थांबवायची सोय त्या काळी नवलाईची होती.

इथे पहिल्या मॉडेलचा तो आतला स्पीकर उपयोगी पडतो. पडदा काळा आहे, पण चेंडू आपटल्याचे आवाज येतायत? मग कन्सोल जिवंत आहे, दोष टीव्हीच्या जोडणीत शोधा. चित्रही नाही आणि आवाजही नाही, तर मामला आतला.

आता कार्ट्रिज. पिवळ्याधमक, अमेरिकेतल्या जुन्या, गाण्यांच्या जाडजूड एट-ट्रॅक कॅसेटएवढ्या या खोक्यांना व्हिडिओकार्ट म्हणत. कन्सोल बंद करूनच ती घाला-काढा. गेम सुरू झाला नाही किंवा पडद्यावर नुसता कचरा दिसला, तर बहुतेक वेळा दोष काळ्या पडलेल्या संपर्कपट्ट्यांचा असतो. कानकाडी 90 टक्क्यांवरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा, पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा, काडी काळी व्हायची थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. पूर्ण वाळू द्या. सॅंडपेपर अजिबात नको, आणि फुंकर तर नकोच. थुंकीतल्या ओलाव्याने पट्ट्या आणखी गंजतात. मग कार्ट पूर्ण आत ढकला, कन्सोल चालू करा, रीसेट दाबा. सुरुवातीला व्हिडिओकार्ट 1 मिळालं तर मजा आहे: त्यातल्या फुली-गोळ्यात तुम्ही हरलात की यंत्र तुम्हाला सरळ ‘टर्की’ म्हणतं, म्हणजे आपल्या भाषेत बावळट!

कंट्रोलरची मूठ हातात उभी धरायची आणि वरची टोपी हलवायची. ती पुढे-मागे, डावी-उजवीकडे जाते, पिळता येते, वर ओढता येते, खाली दाबता येते. हॉकीत पिळल्यावर खेळाडूची फळी तिरकी होते. एखादी दिशा चालत नसेल तर जोर लावू नका. आतल्या धातूच्या पट्ट्या मळलेल्या किंवा वाकलेल्या असतात, नाहीतर वायर मुठीच्या तोंडाशी तुटलेली असते.

एवढं करूनही यंत्र जिवंत झालं नाही तर संशय एफ8 मालिकेतल्या चिपवर घ्या, यंत्राचा मेंदू म्हणजे त्याच. त्या चालताना चांगल्याच तापतात आणि इतक्या वर्षांनी दगा देतात. चालत्या यंत्रात त्यांच्यावर छोटे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे तुकडे) चिकटवून घेतलेले बरे. मात्र खोकं उघडलं की वीजपुरवठ्याचा भागही उघडा पडतो, म्हणून प्लग काढूनच काम करा आणि सोल्डरिंगची सवय नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या. आत दिसणारं धातूचं कवच परत बसवायला त्याला सांगा. टीव्ही-रेडिओत खरखर होऊ नये म्हणून अमेरिकी सरकारचे नियम कडक होते, त्यासाठीच लॉसन यांच्या चमूला ते घालावं लागलं.

यंत्र मिळालंच नाही तर संगणकावर मेम हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, चॅनल एफ चालवतो. त्याला कन्सोलच्या मूळ रॉमच्या (आतल्या कायमच्या प्रोग्रॅमच्या) फाइली वेगळ्या द्याव्या लागतात, आणि पिळायच्या-ओढायच्या हालचाली कीबोर्डवर कुठे ठेवायच्या ते खेळण्याआधी सेटिंगमध्ये ठरवून घ्या.