छत गळते आहे : दुरुस्ती करावी की नवे घालावे? निर्णय घेताना या चुका टाळा

नाशिक शहरात इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वरच्या मानाने पाऊस बराच कमी पडतो, आणि त्यामुळेच बहुतेक घरांत छताची आठवण होते ती भिंतीवर पहिली ओल उमटल्यावर. येथील छताला त्रास मात्र केवळ पावसाचा नसतो. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो, डिसेंबर-जानेवारीत पहाटे तो दहाच्या खाली उतरतो, आणि या तापण्या-आकसण्याने कोब्याला (स्लॅबवर घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या व सिमेंटच्या थराला) व कठड्याच्या सांध्यांना पडलेल्या बारीक भेगांतून जूनमध्ये पाणी मुरू लागते. मग एक जण सांगतो की वरून केमिकल मारून घ्या, आणि दुसरा सांगतो की सगळे पाडून नवे करा. पुष्कळदा हे दोन्ही सल्ले छत नीट न पाहताच दिलेले असतात.

छताचे दोन भाग असतात : एक पाणी अडवणारा थर आणि दुसरा भार पेलणारा सांगाडा. पहिला भाग खराब झाला असेल तर दुरुस्ती पुरते, मग गळती कितीही मोठी दिसो. दुसरा भाग खचला असेल तर गळती थेंबभर असली तरी छत बदलण्याचा विचार करावा लागतो. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका हा फरक न केल्यामुळे होतात.

गळतीचे मूळ न शोधता काम काढणे

छताला दिसणारा डाग आणि पाणी शिरण्याची जागा क्वचितच एकावर एक असतात. कोब्याखाली शिरलेले पाणी स्लॅबवरून उताराच्या दिशेने सरकत जाते आणि जिथे वाट मिळेल तिथे खाली उतरते, म्हणून डागाच्या नेमके वर खोदकाम करून उपयोग होत नाही. पहिला प्रश्न असा विचारावा की हा डाग फेब्रुवारी-मार्चमध्येही ओला असतो का? असेल, तर दोष बहुधा छताचा नसून गच्चीवरच्या टाकीचा, तिच्या जोडणीचा किंवा वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचा असतो. डाग फक्त पावसाळ्यातच येत असेल तर कठड्याच्या मुळाशी असलेला गोल वाटा (गच्ची व कठडा यांच्या कोपऱ्यात मसाल्याने केलेली गोलाई), पावसाचे पाणी उतरवणाऱ्या पाईपचे तोंड आणि गच्चीच्या दाराचा उंबरा या तीन जागा आधी तपासाव्यात. पालापाचोळ्याने तोंड बुजलेला एक पाईपसुद्धा संपूर्ण गच्चीवर पाणी साठवू शकतो. जुन्या नाशकात, जिथे वाडे एकमेकांना भिंती लावून उभे आहेत, तिथे शेजारच्या पाख्यावरचे, म्हणजे उतरत्या छतावरचे पाणी आपल्या भिंतीच्या डोक्यावर पडत नाही ना, हेही पाहावे लागते. ते थांबल्याशिवाय आपल्या छतावरचा खर्च वाया जातो.

आतल्या खुणांवर गिलावा चढवणे

स्लॅबच्या घरात सर्वांत घातक चूक ही आहे. छताच्या खालच्या बाजूला चार-सहा इंचांच्या अंतराने समांतर तपकिरी रेघा दिसू लागतात, काही महिन्यांनी त्याच रेघांवर भेगा पडतात, आणि लाकडी दांड्याने ठोकले असता त्या भागातून भरीव आवाजाऐवजी पोकळ आवाज येतो. घरमालक याला गिलावा सुटणे समजतो आणि नवा गिलावा करून रंग देतो. प्रत्यक्षात आतली सळई गंजलेली असते. काँक्रीट ताजे असताना तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यामुळे लोखंड सुरक्षित राहते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड आणि ओल यांमुळे वर्षानुवर्षे हा गुण वरून आत कमी होत जातो, ही घट सळईपर्यंत पोहोचली की लोखंड गंजू लागते, आणि गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने तो काँक्रीटचा थर खाली ढकलतो. स्लॅबच्या सळईखाली साधारण २० मिलिमीटर काँक्रीट असावे, अशी अपेक्षा असते. जुन्या बांधकामांत ते पुष्कळदा याहून कमी आढळते आणि तिथे हा प्रकार लवकर सुरू होतो.

अशा वेळी सुटलेला भाग फोडून, सळई तारेच्या ब्रशने लख्ख घासून तिचा व्यास मोजून घ्यावा. ८ मिलिमीटरची सळई ७ मिलिमीटर उरली तर नजरेला फरक किरकोळ वाटतो, परंतु तिच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २३ टक्क्यांनी घटलेले असते. इतकी घट झाली की नुसते पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) भरून भागत नाही, जादा सळया जोडाव्या लागतात. ही झीज एखाद्या कोपऱ्यापुरती असेल तर दुरुस्ती योग्य ठरते. ती खोलीच्या मध्यभागी सर्वत्र पसरली असेल, स्लॅबला डोळ्यांना दिसेल असा झोल आला असेल किंवा तुळयांनाही भेगा असतील, तर निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरवर सोपवावा, ठेकेदारावर नव्हे. इंजिनिअर फोडलेल्या ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थलीनचे द्रावण शिंपडून पाहतो : चांगले काँक्रीट गुलाबी होते आणि गुण गेलेले काँक्रीट रंगहीन राहते. ही तपासणी महाग नसते आणि ती न करता लाखांचे काम काढणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

कोब्यावर कोबा घालणे

जुना कोबा गळतो म्हणून तो न काढता त्यावरच दुसरा घालण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे, कारण फोडकाम आणि राडारोडा वाहून नेण्याचा खर्च वाचतो. परंतु वजनाचा हिशेब करून पाहा. विटांच्या तुकड्यांचा सरासरी १०० मिलिमीटर जाडीचा कोबा दर चौरस मीटरला ढोबळमानाने १८० ते २०० किलो भरतो. भारतीय मानकांनुसार वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी माणसे व सामान यांचा जो भार धरला जातो, तो दर चौरस मीटरला १५० किलो आहे. म्हणजे दुसरा कोबा घातल्याने गच्चीवर माणसे व सामान यांच्यासाठी धरलेल्या पूर्ण भाराहून अधिक ओझे कायमचे चढते, तेही आधीच ओल धरलेल्या स्लॅबवर. शिवाय दोन थरांमध्ये अडकलेले पाणी बाहेर पडत नाही आणि गळती पावसाळा संपल्यावरही चालू राहते. जुना कोबा पोकळ झाला असेल तर तो काढूनच नवा घालावा. तो भक्कम असेल तर भेगा भरून वर हलके लेपन करावे. लेपन ओल्या पृष्ठभागावर केल्यास त्याला फुगे येतात. फक्त आतून, छताच्या खालच्या बाजूने वॉटरप्रूफ रंग देणे तर पूर्णपणे टाळावे, कारण त्यामुळे पाणी सळईभोवतीच कोंडले जाते.

कौले आणि पत्रे यांविषयीचे घाईचे निर्णय

कौलारू घर गळू लागले की कौले काढून पत्रे घालण्याकडे कल असतो. पुष्कळदा तिथे फक्त शाकारणीची गरज असते : फुटकी कौले बदलणे, सरकलेली बसवणे, आढ्यावरील कोन्यांचे (छताच्या माथ्यावरच्या कौलांचे) सांधे भरणे. खरी तपासणी कौलांखालच्या लाकडाची करायला हवी. तुळईचे जे टोक भिंतीत शिरलेले असते, तिथे पेचकस दाबून पाहावा. तो सहज आत गेला किंवा भुसा बाहेर आला, तर टोक कुजलेले आहे किंवा वाळवी लागली आहे, असे समजावे. मधली तुळई कितीही टणक असली तरी छत उभे असते ते त्या टोकांवर. अशा लाकडावर नवे पत्रे चढवणे म्हणजे केवळ खर्च आहे. पत्र्यांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : कौले स्वतःच्या वजनाने जागेवर राहतात, पत्रे राहत नाहीत. वळवाच्या वाऱ्यात ते उचलले जाऊ नयेत म्हणून सांगाडा भिंतीशी पक्का जखडावा लागतो.

लोखंडी पत्र्याखाली भर दुपारी अंधार करून वर पाहिले की भोके दिसतात. प्रकाश फक्त स्क्रूभोवती दिसला तर वॉशर बदलून काम होते, पत्राभर ठिपके दिसले तर पत्रा बदलावा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून ते गारपिटीने फुटले तरी ग्राइंडरने कापू नयेत किंवा वरून फेकून फोडू नयेत. पाण्याने भिजवून, योग्य मास्क लावून, आणखी न तोडता उतरवावेत.

वेळ, परवानगी आणि करार

पावसाळा हा पाहणीचा काळ आहे, कामाचा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये डागांच्या कडा खडूने आखून तारखा लिहून ठेवाव्यात आणि काम दिवाळीनंतर काढावे. मे महिन्यात घाईने घातलेल्या कोब्याला कडक उन्हात पुरेसे पाणी मिळत नाही आणि तो पहिल्याच वर्षी चिरतो. इमारतीला ३० वर्षे झाली असतील तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार तिची संरचनात्मक तपासणी मालकावर बंधनकारक आहे, आणि ती छताचा निर्णय घेण्याआधीच करून घेणे शहाणपणाचे ठरते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्चीतून होणारी पावसाची गळती ही सामान्यतः संस्थेच्या खर्चाची बाब असते. वरच्या मजल्यावरील सदस्याने तिची दुरुस्ती परस्पर स्वतःच्या खिशातून करू नये.

ठेकेदाराच्या दरपत्रकात फोडकाम, राडारोडा वाहतूक, थराची जाडी, उतार आणि पाण्याची चाचणी या बाबी स्वतंत्र लिहून घ्याव्यात. काम झाल्यावर पाईपची तोंडे बंद करून गच्चीवर एक-दोन इंच पाणी ४८ ते ७२ तास साठवावे, खालच्या प्रत्येक खोलीचे छत आणि कठड्याच्या बाहेरची बाजू पाहावी, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा. लाकडी तुळयांवरच्या जुन्या धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर) मात्र ही चाचणी करू नये. तिथे पाणी साठवणेच धोक्याचे आहे.