शेल स्क्रिप्टमध्ये वेडीवाकडी नावं सांभाळायची कशी

लग्नसराईत बेळगावच्या कुठल्याही छापखान्यातला संगणक उघडून बघा. ‘चि. अमोल & चि.सौ.कां. प्रिया (मराठी).पीडीएफ’, शेजारी तीच पत्रिका कन्नडमध्ये, खाली खानापूरच्या गिऱ्हाइकाची ‘डि'सोझा पावती.पीडीएफ’ आणि कुणीतरी घाईत ठेवलेली ‘-नवीन.पीडीएफ’. यांचा बॅकअप शेल स्क्रिप्टनं घ्यायचा (शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, स्क्रिप्ट म्हणजे त्या आज्ञांची फाइल), तर "नावात स्पेस ठेवू नका" हा सल्ला बिनकामाचा. नावं गिऱ्हाईक ठेवतं. आपल्या हातात फक्त स्क्रिप्ट असते.

एक भीती आधीच काढून टाका. देवनागरी किंवा कन्नड अक्षरांना एस्केप करावं (म्हणजे शेलपुरता खास अर्थ काढून घ्यावा) लागत नाही. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये त्यांचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्यापुढचा असतो, आणि शेलची खास चिन्हं सगळी त्याखालची. त्रास देतात ती स्पेस, &, ;, कंस, $, * आणि अवतरणचिन्हं. लिनक्सवर फाइलीच्या नावात दोनच गोष्टी चालत नाहीत: / आणि शून्य बाइट. बाकी काहीही येईल, अगदी नवी ओळसुद्धा, असं धरूनच लिहा.

(खाली आज्ञा नागरीत दिल्यात, टाइप रोमनमध्येच करा. बॅश या शेलला व्हेरिएबलचं, म्हणजे मजकूर साठवायच्या जागेचं, नावही नागरीत चालत नाही.)

व्हेरिएबल नेहमी दुहेरी अवतरणात ठेवा आणि त्याआधी -- द्या, म्हणजे डॅशनं सुरू होणारं नाव आज्ञेचा पर्याय (ऑप्शन) समजलं जाणार नाही. आरएम ही फाइल पुसणारी आज्ञा:

आरएम -- "$फाइल"

स्क्रिप्टला आलेली सगळी नावं पुढं पाठवायची तर "$@". $* नको. फाइली शोधायला फाइंड आज्ञेचा -प्रिंट० आणि मिळालेली नावं दुसऱ्या आज्ञेला देणाऱ्या एक्सआर्ग्सचा -० वापरा, म्हणजे नावं शून्य बाइटनं वेगळी राहतात. एलएसच्या (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) आउटपुटवर लूप फिरवायचा सल्ला जिथं दिसेल तिथून उठा.

नाव हातानं लिहायचं असेल तर एकेरी अवतरण. त्याच्या आत कशालाच खास अर्थ नसतो, बॅकस्लॅशलाही नाही. म्हणून एकेरी अवतरणाच्या आत एकेरी अवतरण बसत नाही. आधी बंद करा, बाहेर \' लिहा, पुन्हा उघडा:

'डि'\''सोझा पावती.पीडीएफ'

दिसायला विचित्र आहे, पण चुकत नाही.

आता खरी गोम. मला सगळ्यात जास्त वेळ इथंच लागला, आणि बहुतेक लेख हीच पायरी गाळतात. अवतरणात नसलेलं व्हेरिएबल शेल स्पेसवर तोडतं आणि * पसरवतं (त्या जागी फोल्डरातल्या फाइलींची नावं घालतं), पण त्यातला & किंवा ; चालवत नाही. तो चालतो तेव्हा, जेव्हा तोच मजकूर दुसरं शेल नव्यानं वाचतं. समजा दुकान गणपत गल्लीत आणि बॅकअपचं मशीन निपाणीला आहे. एसएसएचनं दुसऱ्या मशीनवर आज्ञा चालवता येते:

एसएसएच निपाणी आरएम -- "$फाइल"

इथलं अवतरण इथल्या शेलनंच काढून टाकलं. एसएसएच उरलेले शब्द स्पेसनं जोडून एक ओळ करतं, आणि ती पलीकडचं शेल पहिल्यापासून वाचतं. वरच्या पत्रिकेत कंस आहे, म्हणून सिंटॅक्स एरर येऊन सगळं थांबेल, ते नशीब. कंस नसता तर ‘चि.’ आणि ‘अमोल’ या दोन फाइली पुसायला निघाल्या असत्या आणि ‘चि.सौ.कां.’ ही आज्ञा म्हणून चालवून बघितली गेली असती. ‘दर * जुने’ असं नाव असेल तर त्या फोल्डरातल्या सगळ्या फाइली गेल्या. कुंदा बाहेरगावी पाठवणारा दुकानदार दोनदा बांधतो, कारण वरचं वेष्टण वाटेत सुटणार हे त्याला ठाऊक असतं. इथंही तेच, नावाला दोनदा अवतरण लागतं.

पण माझं मत विचाराल तर दोनदा बांधूच नका; नाव आज्ञेतून बाहेर काढा आणि पाइपमधून (| हे चिन्ह, एका आज्ञेचं आउटपुट दुसरीला देतं) पाठवा:

प्रिंटएफ '%एस\०' "$फाइल" | एसएसएच निपाणी 'एक्सआर्ग्स -० आरएम --'

एसएच -सी (दिलेली ओळ आज्ञा म्हणून चालवणारं शेल) मध्येही हाच धोका आहे. तिथं नाव ओळीत चिकटवू नका, मागून द्या:

एसएच -सी 'आरएम -- "$@"' _ "$फाइल"

ती एकटी _ गाळू नका, नाहीतर पहिलं नाव शून्याव्या जागी जाऊन गायब होतं.

"प्रिंटएफचं %क्यू वापरा" असं कुणी सांगेल; ते नाव आपणहून एस्केप करून देतं. बॅशकडून बॅशकडं जात असेल तर चालेल. पण क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सेवा) लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, अनेकदा सी ही अगदी साधी असते. तिथं %क्यू मराठी नावाचं $'\३४०\२४४...' असं ऑक्टल (आठच्या पायाचे आकडे) करून टाकतं. पलीकडं उबुंटू असेल आणि ओळ एसएच वाचत असेल, तर ते २००६ पासून डॅश नावाचं शेल आहे, आणि डॅशच्या जुन्या आवृत्त्यांना हे लिखाण कळत नाही. हातानं चालवलं की नीट, रात्री क्रॉननं चालवलं की बोंब, असा प्रकार दिसला तर आधी हे तपासा.

इव्हॅल (मजकूर पुन्हा आज्ञा म्हणून वाचून चालवणारी आज्ञा)? नाही.

एससीपीसाठी (एका मशीनवरून दुसऱ्यावर फाइली नेणारी आज्ञा) नावाला दुहेरी एस्केप करा, हा सल्ला आता शिळा झालाय. ओपनएसएसएच ९.० पासून (२०२२) एससीपी मुळातच एसएफटीपी या फाइली पाठवायच्या पद्धतीवरून चालतं आणि पलीकडचं शेल मध्ये येत नाही. जुनी स्क्रिप्ट तशीच ठेवली तर ते जास्तीचं एस्केपिंग नावाचाच भाग होऊन बसू शकतं आणि फाइल नेणं फसू शकतं.

शेवटी स्क्रिप्ट शेलचेकमधून (स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं साधन) काढा. एससी२०८६ ही सूचना दिसली की कुठंतरी अवतरण राहिलंय. मग वरच्या सगळ्या नावांच्या रिकाम्या फाइली एका वेगळ्या फोल्डरात बनवा आणि आरएमच्या जागी हे घालून चालवा:

प्रिंटएफ '<%एस>\न' "$@"

(शेवटी \ नंतर रोमन एन.) इकोवर (मजकूर छापणारी आज्ञा) विसंबू नका, तो तुटलेले तुकडे स्पेसनं जोडून दाखवतो आणि सगळं ठीक असल्यासारखं वाटतं. इथं एका नावाला एकच < > जोडी दिसली पाहिजे.