कार्ड घेण्याआधी कॅबिनेट मोजा

नाशिकच्या एमजी रोडला ग्राफिक्स कार्ड बघायला निघालात, तर आधी घरी टेप घेऊन कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडा. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात '३३० मिमीपर्यंत कार्ड बसेल' असं लिहिलेलं असतं, पण त्यात बरेचदा पुढचा पंखा धरलेला नसतो. तो नेहमीचा पंखा २५ मिमी जाडीचा. मी हौसेनं ३२० मिमीचं, तीन पंख्यांचं कार्ड आणलं आणि ते बोटभर जागेसाठी अडलं. पुढचा एक पंखा काढून कसंबसं बसवलं. नाशिकच्या मे महिन्यात त्याचा त्रास कळला. जाडीही बघा. अडीच स्लॉटचं (स्लॉट म्हणजे कॅबिनेटमधली एका कार्डाची जागा) कार्ड प्रत्यक्षात तीन स्लॉट अडवतं.

किमतीचा हिशोब सोपा आहे. तुम्ही जो गेम खेळता, त्याच रिझोल्यूशनला आणि त्याच सेटिंगला दर सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम्सनी (पडद्यावरच्या चित्रांनी) किमतीला भागा. समजा ३०,००० रुपयांचं कार्ड ७५ फ्रेम्स देतं, म्हणजे फ्रेमला ४०० रुपये. २४,००० चं ५० देत असेल, तर ४८०. स्वस्तातलं महाग पडलं की!

नुसत्या मेमरीवर भुलू नका. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० कार्डामध्ये १२ जीबी मिळते, ४०६० मध्ये ८. तरी बहुतेक गेममध्ये ४०६० पुढे, आणि वीज १७० ऐवजी ११५ वॅट. जुनी पॉवर सप्लाय असेल तर हा फरक मोठा.

जागा कमीच असेल, तर दुकानात त्याच चिपचं दोन पंख्यांचं आखूड मॉडेल मागा. वेग जवळपास तोच मिळतो, आवाज थोडा जास्त.