आयईएलटीएस, टोफेल, पीटीईच्या स्कोअरची मुदत : या चुका टाळा

परदेशात शिकायला किंवा स्थायिक व्हायला द्याव्या लागणाऱ्या या इंग्रजी परीक्षांचा स्कोअर दोन वर्षं चालतो, हे सगळ्यांना पाठ असतं. ही दोन वर्षं कुठल्या तारखेपासून मोजायची आणि कुठल्या दिवसापर्यंत ती पुरायला हवीत, हे मात्र बरेच जण तपासत नाहीत. अर्ज अडतात ते तिथेच.

निकालाच्या तारखेपासून मोजणं

मुदत परीक्षेच्या तारखेपासून सुरू होते. कागदावर दिलेल्या आयईएलटीएसचा निकाल १३ दिवसांनी लागतो. निकालापासून मोजलंत तर हिशेबात जवळजवळ दोन आठवडे फुकटचे धरले जातात. स्पीकिंगची परीक्षा वेगळ्या दिवशी झाली असेल तर गोंधळ वाढतो. अशा वेळी टीआरएफवर, म्हणजे निकालपत्रावर, छापलेली तारीखच धरा.

‘अर्ज भरताना चालू होता’ एवढ्यावर निर्धास्त राहणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. कुठल्या विद्यापीठाला स्कोअर अर्जाच्या दिवशी चालू लागतो, कुठल्या विद्यापीठाला कोर्स सुरू होताना, तर व्हिसासाठी व्हिसा अर्जाच्या दिवशी. समजा, परीक्षा २० ऑगस्ट २०२४ला दिली. जानेवारी २०२६मध्ये प्रवेश अर्ज गेला, जूनमध्ये व्हिसाचा अर्जही गेला; दोन्ही वेळा स्कोअर चालू होता. कोर्स मात्र सप्टेंबर २०२६मध्ये सुरू होतोय. कोर्स सुरू होताना स्कोअर चालू हवा, अशी विद्यापीठाची अट असेल तर हा स्कोअर थोडक्यासाठी कमी पडला. म्हणून प्रवेश विभागाला ईमेलवर थेट विचारा : ‘माझी परीक्षा अमुक तारखेची आहे, अमुक सत्रासाठी चालेल का?’ उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या ‘हो, चालेल’ला नंतर काही किंमत नसते.

कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कायम वास्तव्यासाठीच्या निवड पद्धतीत तर स्कोअर दोन वेळा तपासला जातो. प्रोफाइल भरताना तो दोन वर्षांच्या आतला हवा आणि कायम वास्तव्याचा अर्ज सादर करतानाही. अर्ज करण्याचं निमंत्रण आल्यावर त्यासाठी ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांत स्कोअर संपला आणि अर्ज गेलेला नसला, तर निमंत्रण हातात असूनही अडकाल. पूलमध्ये, म्हणजे निमंत्रणाची वाट पाहणाऱ्यांच्या यादीत, असताना मुदत सरत आली असेल तर वेळेत पुन्हा परीक्षा देऊन प्रोफाइलमध्ये नवा निकाल भरा, नाहीतर प्रोफाइल अपात्र ठरतं. नवा स्कोअर कमी आला तर सीआरएस गुणही (ज्यांवर उमेदवारांचा क्रम लागतो) घसरतात, म्हणून तयारीशिवाय नुसती हजेरी लावू नका.

सगळीकडे एकच नियम धरणं

ऑस्ट्रेलियाच्या कौशल्याधारित व्हिसांना तीन वर्षांपर्यंतचा निकाल चालतो, विद्यार्थी व्हिसाला मात्र दोनच वर्षांचा. केंब्रिजच्या सी१ अॅडव्हान्स्डसारख्या इंग्रजीच्या प्रमाणपत्रावर मुदतच नसते, तरी घेणारी संस्था स्वतःची मर्यादा घालू शकते. जीआरई या उच्च शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर पाच वर्षं चालतो. तो टोफेलसोबत एकाच फाइलमध्ये असल्यामुळे बरेच जण दोन्हींना पाच वर्षं धरतात. टोफेलला दोनच.

स्कोअर पाठवायला उशीर करणं

टोफेलचा स्कोअर परीक्षेला दोन वर्षं झाल्यावर ती घेणारी ईटीएस ही संस्था कुणालाही पाठवत नाही. पीडीएफ तुमच्याकडे असेल, पण विद्यापीठाला अधिकृत अहवाल हवा असेल तर तिचा उपयोग नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी रात्री १०पर्यंत चार संस्था विनाशुल्क निवडता येतात. ती सोय वाया घालवू नका.

प्रवेश पुढे ढकलताना स्कोअर विसरणं

डिफरमेंट, म्हणजे प्रवेश पुढे ढकलायची परवानगी, मिळालं म्हणजे स्कोअरलाही वाढ मिळाली असं नाही. जुनी ऑफर पुढच्या वर्षासाठी नव्याने तपासली जाऊ शकते. डिफरमेंटच्या अर्जातच हा प्रश्न लिहून टाका.

वन स्किल रिटेकवर भरवसा ठेवून बसणं

आयईएलटीएसचा एखादाच भाग पुन्हा देता येतो, पण फक्त संगणकावरच्या परीक्षेत आणि मूळ परीक्षेपासून ६० दिवसांत. जुना स्कोअर संपत आल्यावर हा मार्ग उरलेला नसतो. शिवाय काही संस्था तो निकाल स्वीकारत नाहीत. आधी विचारा, मग फी भरा.

पासपोर्ट बदलल्यावर जुना टाकून देणं

आयईएलटीएसच्या निकालावर परीक्षेच्या वेळचा पासपोर्ट क्रमांक असतो. नव्या पासपोर्टवर अर्ज करताना जुन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत सोबत जोडा.

स्कोअर संपलाच असेल तर

आधी ऑफर सशर्त आहे का ते पाहा. इंग्रजीची अट नंतर पूर्ण करायला बरीच विद्यापीठं मुदत देतात. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर कॉलेजचं माध्यम प्रमाणपत्र चालतं का, हेही विचारा. परीक्षा द्यायचीच झाली आणि दिवस थोडे असतील तर पीटीई अॅकॅडमिक बघा, निकाल साधारण दोन दिवसांत येतो. ड्युओलिंगोची इंग्रजी परीक्षाही लवकर होते, पण एक्सप्रेस एंट्रीला या दोन्ही चालत नाहीत. कोणासाठी अर्ज करताय ते पाहूनच फी भरा.