‘पुलेशु’च्या पुढचा अभिप्राय: नव्या कथालेखकांसाठी थोडं अनुभवाचं

कथा ऑनलाइन टाकली की पहिल्या तासाभरात ज्या प्रतिक्रिया येतात, त्यांचा कथेशी फारसा संबंध नसतो. ‘मस्त’, ‘छान जमलीये’, ‘पुलेशु’, आणि कथा क्रमशः असेल तर ‘पुभाप्र’. नवख्यांसाठी सांगते, पुलेशु म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा आणि पुभाप्र म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. लिहिणारी माणसं खोटं बोलत नसतात. लग्नघरातून निघताना ‘जेवण छान होतं हं’ म्हणतो, तसंच ते. आभार मानावेत आणि पुढे जावं. त्यावरून कथेत काय राहिलं ते कळत नाही, आणि ‘सगळ्यांना आवडली’ असाही अर्थ काढू नये. ज्यांना आवडली नाही ते काहीच लिहीत नाहीत.

कामाचा अभिप्राय मिळतो तो बहुधा स्वतः लिहिणाऱ्यांकडून, आणि तोही आपण मागितला तर. पूर्वी हे काम संपादक करायचे. ‘सत्यकथा’ या मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करायचे, कथा परत पाठवली तरी कुठे काय अडलं ते कळवायचे. त्या पत्रांच्या आठवणी त्या पिढीच्या कितीतरी लेखकांनी लिहून ठेवल्या आहेत. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडलं. आज दिवाळी अंकाच्या संपादकाकडे कथांचा ढीग असतो, हाताशी माणसं नसतात, आणि नापसंतीचं उत्तर म्हणजे शांतता. तेव्हा आपल्यासारख्याच चार-पाच जणांनी एकमेकांचे पटवर्धन व्हायचं, एवढाच मार्ग उरतो.

हे चार-पाच जण शोधायला फार लांब जावं लागत नाही. मायबोली १९९६ पासून आहे, मिसळपाव २००७ पासून, प्रतिलिपी २०१४ पासून. या सगळ्या संकेतस्थळांवर मराठीत कथा लिहिणारे सापडतात. तिथे स्वतःची कथा टाकायच्या आधी दुसऱ्यांच्या कथा वाचा आणि खाली नीट लिहा. नीट म्हणजे दोन-तीन वाक्यं, कथेतल्या एखाद्या नेमक्या जागेबद्दल. असं लिहिणारा माणूस लक्षात राहतो, आणि ज्याच्या कथेवर तुम्ही मन लावून लिहिता तोच पुढे तुमची कथा मन लावून वाचतो. आमचा गट असाच जमला. एक मित्र इचलकरंजीचा, एक ताई पुण्याच्या, एक मैत्रीण पणजीची, एक काका न्यू जर्सीला. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे ऑनलाइन बैठक शनिवारी संध्याकाळीच बसते.

गट पाच-सहा जणांच्या वर जाऊ देऊ नका. वीस जणांच्या गटात प्रत्येकाला वाटतं की बाकीचे वाचतीलच. आमच्याकडे एका वेळी एकच कथा असते. ती गूगल डॉक्समध्ये टाकायची, परवानगी फक्त कमेंट करण्याची द्यायची, एडिट करण्याची नाही. नाहीतर कुणीतरी प्रेमापोटी तुमचा शेवटचा परिच्छेद बदलून ठेवतं आणि आठवडाभराने तुम्हालाच आठवत नाही की मूळ वाक्य काय होतं. प्रत्येक खर्ड्याची वेगळी प्रत ठेवा, फाइलच्या नावात तारीख घाला.

आता मुख्य गोष्ट, आणि ती एका कथेवरूनच सांगते.

इचलकरंजीच्या मित्राने एक कथा आणली. बाप यंत्रमागावर रातपाळी करतो, शाळकरी पोरगा डबा घेऊन जातो आणि तिथेच थांबतो. मध्येच लाइट जाते. खर्ड्यात एवढंच होतं: ‘लाइट गेली. सगळे माग एकदम थांबले. बाबा खिडकीपाशी जाऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत.’ पुढे अर्धं पान अंधार, पोराचा प्रश्न, बापाचं हूं.

तीन जणांचे तीन अभिप्राय आले. पुण्याच्या ताई म्हणाल्या, मधे कथा रेंगाळते, लाइटचा प्रसंग काढून टाक. काका म्हणाले, बाप फारच थंड वाटतो, त्याला जरा बोलतं कर. पणजीची मैत्रीण म्हणाली, अंधाराचं वर्णन वाढव, वातावरण येत नाही. एकाला प्रसंग नको, एकाला संवाद हवा, एकीला वर्णन. लेखक वैतागला. वैतागणारच, तिघांचं ऐकायचं तर कथा उरतच नाही.

पण तिघे अडले होते एकाच जागी. मग आम्ही उपाय बाजूला ठेवून फक्त ती जागा पाहिली. त्या कामाची मजुरी तासावर नसते, विणलेल्या मीटरवर असते. माग थांबला की कमाई थांबली. इचलकरंजीत हे कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून त्याने लिहिलंच नव्हतं. आम्हा बाकीच्यांना वाटत होतं की बापाला बिचाऱ्याला जरा विश्रांती मिळाली, आणि मग त्याचं गप्प बसणं निरर्थक वाटत होतं.

त्याने लाइटच्या प्रसंगातला एक शब्दही बदलला नाही. दीड पान आधी, घरच्या प्रसंगात, चार ओळी घातल्या. पोरगा कॅलेंडरच्या पाठीमागे बापाचे रोजचे मीटर मांडतो, आठवड्याची बेरीज करतो आणि वहीच्या पैशांसाठी अजून किती मीटर हवेत ते आईला सांगतो. बस्स. पुढचा खर्डा वाचून ताईंनीच लिहिलं, ‘ते खिडकीपाशी बसतात तिथे पोटात गोळा आला.’ अंधार तोच, हूं तेच.

म्हणून नव्या माणसाला मी एवढंच सांगते: वाचणारा ‘इथे अडलो’ म्हणतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवा, तो ‘असं कर’ म्हणतो तेव्हा थांबा. अडणं ही त्याच्या वाचनाची बातमी आहे, ती खोटी असू शकत नाही. उपाय मात्र तो त्याच्या कथेसाठी सुचवतो, तुमच्या नव्हे. आणि दुरुस्ती पुष्कळदा अडलेल्या जागेच्या बरीच वर करावी लागते.

यासाठी प्रश्नही तसेच विचारावे लागतात. ‘कशी वाटली?’ विचारलं की ‘छान’ येणार. त्याऐवजी विचारा, कुठे वाचायचं थांबलात? कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं? शेवट आधी कळला का, आणि कळला तर कुठल्या वाक्याला? माझा सगळ्यात आवडता प्रश्न वेगळा आहे: कथा दोन वाक्यांत मला परत सांगा. सासू-सुनेच्या समझोत्याची म्हणून लिहिलेली कथा समोरच्याने ‘म्हातारीच्या एकटेपणाची’ म्हणून सांगितली, तर त्याच्यावर चिडायचं कारण नाही. तशी ती वाचता येते हे कळलं. कदाचित तीच बरी असेल.

अभिप्राय चालू असताना लेखकाने गप्प बसायचं, ही आमच्याकडची एकमेव कडक अट. ‘नाही नाही, तिथे मला असं म्हणायचं होतं’ सुरू झालं की वाचणारा संकोचतो आणि पुढचं गिळून टाकतो. आपल्याकडे त्यात वयाचा आणि नात्याचा पेच असतोच. साठीच्या काकांच्या कथेला पंचविशीची मुलगी ‘मला कंटाळा आला’ कसं म्हणणार? आम्ही यातून वाट काढली ती अशी की सगळ्यांनी अभिप्राय आधी लिहून ठेवायचा, एकमेकांचा न पाहता, आणि बैठकीत तो फक्त वाचायचा. बोलताना जे ओठावर अडतं ते लिहिताना येतं. शिवाय पहिल्या बोलणाऱ्याच्या मागे सगळे मान डोलवतात, तेही टळतं.

दुसऱ्याच्या कथेवर लिहिताना शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. ऱ्हस्व-दीर्घ काढत बसणं सोपं असतं, म्हणून नवे लोक तिथेच रमतात. जो परिच्छेद उद्या उडणार आहे त्यातल्या वेलांट्या आज कशाला सुधारायच्या? आणि बोलीला हात लावू नका. ‘काय करालाईस?’ असं कोल्हापूरकडचं पात्र विचारत असेल तर ते तसंच विचारेल. ‘प्रमाणभाषेत लिहिलं तर जास्त लोकांपर्यंत पोचेल’ हा सल्ला ग्रामीण भागातून लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी मिळतो. तो सरळ बाजूला ठेवावा. एक प्रश्न मात्र जरूर विचारावा: निवेदक कुठल्या भाषेत बोलतोय, आणि तो मधेच बदलतोय का?

सुरुवात शतशब्दकथेने, म्हणजे शशकने करावी का, असं बरेच जण विचारतात. करावी, कारण शंभर शब्द कुणीही पूर्ण वाचतो, आणि शेवटपर्यंत वाचलेल्या कथेवरच अभिप्राय मिळतो. काटछाटीचीही सवय लागते. मोजणीची गंमत वेगळीच असते. शंभरात बसवायचं म्हणून लोक नको तिथे शब्द जोडतात, भरायचे असले की ‘घरासमोर’चं ‘घरा समोर’ करतात. पण शशकमध्ये फार काळ राहू नये असं माझं मत आहे. तिथे शेवटच्या ओळीच्या धक्क्याला दाद मिळते, आणि ती दाद चटक लावते. मग दोन हजार शब्दांची कथा लिहितानाही माणूस शेवटच्या ओळीसाठीच लिहितो, आणि मधली माणसं नुसती निरोप्यासारखी येतात-जातात.

चोरीची भीती सगळ्यांना असते, तेव्हा तेही सांगते. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कथा लिहिली की तिच्यावर तुमचा हक्क येतो, नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पण हक्क मांडणीवर असतो, कल्पनेवर नसतो. रातपाळीच्या बापाची कथा उद्या दुसऱ्याने त्याच्या शब्दांत लिहिली तर तक्रार करता येत नाही. खरा धोका व्हॉट्सॲपचा. तिथे पूर्ण मजकूर चिकटवलात की दुसऱ्या-तिसऱ्या फॉरवर्डला नाव गळतं आणि महिन्याभराने तुमचीच कथा तुमच्या मावशीकडून ‘खूप सुंदर, नक्की वाचा’ म्हणून परत येते. दुवा पाठवा, मजकूर नको.

कुठल्याही स्पर्धेत कथा देण्याआधी नियम शेवटपर्यंत वाचा. हक्क कुणाकडे जातात, ऑडिओचे जातात का, किती काळासाठी, हे तिथेच लिहिलेलं असतं आणि कुणीही वाचत नाही.

दिवाळी अंकात छापून यावी अशी इच्छा असेल तर कथा सर्वांसाठी खुली टाकण्याआधी विचार करा. अंकांची आवाहनं उन्हाळ्यापासून यायला लागतात, आणि बहुतेक संपादकांना अप्रकाशित कथा हवी असते. जालावर सगळ्यांना वाचता येईल अशी टाकलेली कथा त्यांच्या लेखी प्रकाशितच. बंद गटात चार जणांनी वाचलेल्या खर्ड्याला सहसा हरकत नसते, तरी शंका असेल तर संपादकांना एका ओळीत विचारून घ्यावं. मी स्वतः दोन ढीग ठेवते. अंकांसाठीच्या कथा फक्त गटात जातात. बाकीच्या, म्हणजे प्रयोग, शशक, एका बैठकीत लिहिलेलं काहीतरी, हे सगळं खुशाल खुलं.

गटातून दोनदा फिरून आलेली कथा तिसऱ्यांदा फिरवू नका. तोवर सगळ्यांना ती पाठ झालेली असते, कुणी अडत नाही, आणि अडायचं थांबलं की लोक चवीवर बोलायला लागतात. त्यापेक्षा आठवडाभर बाजूला ठेवा, मोठ्याने वाचा, आणि पाठवून द्या. युनिकोडमध्ये पाठवा, वर्ड फाइल आणि सोबत पीडीएफ, म्हणजे त्यांच्याकडे ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ फुटून दिसल्या तरी मूळ काय होतं ते कळेल. ईमेलमध्ये शब्दसंख्या, कथा अप्रकाशित असल्याचं एक वाक्य आणि फोन नंबर. कथेचा सारांश लिहू नका, संपादक कथा वाचणारच आहेत.