पावसाळी वेलभाज्या: फुलं भरपूर, पण फळ धरेना

मृगाचा पाऊस पडला की परसात दोडका, कारली, पडवळ, दुधी, काकडी टोकायची, ही घरोघरची रीत. ऑगस्टपर्यंत मांडव हिरवागार होतो, फुलांनी भरतो आणि दोडके मात्र बोटभर होऊन पिवळे पडतात. मग आणखी खत टाकलं जातं. नत्र वाढलं की वेल पानावर जातो, फळांचा प्रश्न तसाच राहतो. दोष बहुतेक वेळा परागीकरणाचा किंवा फळमाशीचा असतो.

सुरुवात आळ्यापासून. दीड फूट लांब-रुंद आणि फूटभर खोल आळ्यात दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळा. कच्चं शेण नको. त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) वाढते आणि वेल मुळापासून जातो. देशावर जमिनीलगतचं आळं चालतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर ते वीतभर उंच करा, नाहीतर जुलैच्या झडीत मुळं कुजतात. कारल्याच्या बियांचं कवच टणक असतं, म्हणून त्या रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवा. आळ्यात तीन-चार बिया इंचभर खोल टोका. रोपं चार पानांवर आली की दोन सशक्त रोपं ठेवून बाकीची कापा. उपटली तर शेजारच्या रोपाची मुळं दुखावतात. कोवळ्या रोपांवर तांबडे भुंगेरे येतात. ते सकाळी सुस्त असतात, तेव्हाच वेचावेत.

मांडव सहा फुटांपेक्षा उंच नको, हात पोचला पाहिजे. बांधायला काथ्या घ्या. हंगामानंतर वेलासकट तो कुजतो, नायलॉन सोडवत बसावं लागतं. वेल मांडवाला टेकेपर्यंत खालच्या बगलफुटी (पानांच्या बगलेतून निघणारे फुटवे) काढत राहा, पोचल्यावर शेंडा खुडा, म्हणजे मांडवावर नव्या बगलफुटी येतात. मादी फुलं बगलफुटींवर जास्त येतात, दुधीत तर हा फरक लगेच दिसतो.

आता फुलं. पहिले काही दिवस नुसती नर फुलं येतात आणि गळतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलंसं फळ असतं. दोडक्यात नर फुलं घोसाने, मादी फूल एकटं. सलग पावसात मधमाश्या फिरत नाहीत, पराग भिजून चिकट होतात, आणि फलन न झालेलं फळ चार-पाच दिवसांत पिवळं पडून गळतं. अशा वेळी हाताने परागीकरण करा. नुकतंच उमललेलं नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि उरलेला पिवळा भाग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा. एका नर फुलावर दोन-तीन मादी फुलं होतात. वेळ मात्र पाळावी लागते: काकडी, कारली, भोपळा सकाळी लवकर, दोडका आणि दुधी संध्याकाळी पाचनंतर, पडवळ अंधार पडल्यावर. सकाळी दहाला दोडक्याजवळ जाऊन काहीही हाती लागत नाही, आणि नेमकी हीच चूक सर्रास होते.

फळ धरलं, पण वाकडं होऊन एका बाजूने सडलं, डिंकासारखा थेंब दिसला, तर ती फळमाशी. मादी कोवळ्या सालीखाली अंडी घालते, अळ्या गर खातात आणि पुढे जमिनीत उतरून कोष करतात. एकदा अळी आत शिरल्यावर वरून कसलीही फवारणी उपयोगाची नाही. फूल सुकू लागताच फळावर जुन्या ओढणीची किंवा मच्छरदाणीची सैल पिशवी चढवा. कागद पावसात टिकत नाही. डंख झालेली फळं रोज तोडा, पण कंपोस्टमध्ये टाकू नका, तिथे अळ्या आरामात वाढतात. दीड-दोन फूट खोल पुरा. वेलाखालची माती आठवड्यातून एकदा खुरप्याने वरवर हलवा; कोष उघडे पडतात, कोंबड्या असतील तर त्या उरलेलं काम करतात. सापळा लावायचा तर क्यू ल्युर या गंधाच्या आमिषाचाच. दुकानात अनेकदा मिथाईल युजेनॉलचा देतात, तो आंबा-पेरूच्या माशीसाठी असतो. क्यू ल्युरही फक्त नर माश्या ओढतो, त्यामुळे छोट्या परसबागेत खरा भरवसा पिशवीचाच.

पानाच्या वर पिवळे कोनदार डाग आणि खाली करडी बुरशी म्हणजे केवडा रोग. खालची पानं काढून मांडवात हवा खेळती करा. पावसाने उघडीप दिल्यावर पानांवर येणारी पांढरी भुकटी म्हणजे भुरी रोग. पानं सकाळीच तपासा. मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर 50 ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, चिमूटभर साबणचुरा मिसळा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा.

फळं कोवळी असतानाच, दर दोन-तीन दिवसांनी तोडा. एकही दोडका जून झाला तर वेल नवी फळं धरायला कुचराई करतो. बियाण्यासाठी हंगाम ओसरताना निरोगी वेलावरची दोन फळं राखा. आत बिया खुळखुळेपर्यंत दोडका वेलावरच वाळू द्या. मात्र घोसाळं शेजारी असेल तर संकर होऊ शकतो, अशा वेळी राखायच्या मादी फुलाला उमलण्याआधीच पिशवी बांधा आणि परागीकरण हाताने करा. कापताना दुधीचा तुकडा चाखून पाहा. कडू लागला तर ती दुधी शिजवू नका, रस काढू नका, तिचं बीही धरू नका.